पाठीला डबा

मी पोहायला शिकले ती डालड्याच्या डब्यावर. साताऱ्याकडे आमच्या मळ्यात विहीर होती. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत काका एक रिकामा डबा, झाकणाला डाख देऊन, हवाबंद करून ठेवायचे. तो सुंभाने पाठीला आवळायचा आणि मागून ढकलून द्यायचं. डबा बुडत नसे, म्हणून आम्हीही बुडत नसू. आठवडाभराने कधीतरी काका गुपचूप डबा सोडून घ्यायचे आणि पोर तशीच पोहत राहायची.

त्यानंतर ४६ व्या वर्षी पुन्हा पाठीला डबा बांधून घेतला, तो थायलंडच्या आखातात, कोह ताओ नावाच्या बेटावर. हा डबा अ‍ॅल्युमिनियमचा, ११ लिटरचा, आत २०० बार दाबाने कोंबलेली हवा. आणि हेतू नेमका उलटा, खाली जायचा.

सोबत शाळेपासूनची मैत्रीण होती. ब्लॉगवर माझं नाव आलं तर बघ, अशी तिची सक्त ताकीद आहे. डायव्हिंगमध्ये जोडीदाराला 'बडी' म्हणतात, तेव्हा इथे ती बडी. ही बाई झोपेतसुद्धा गप्प नसते, हे आधीच सांगून ठेवते.

स्कूबाची हौस लागली मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोटीतून उतरवतात, मागून एक मुलगा धरून असतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो. मजा येते, नाही असं नाही. पण ते म्हणजे कुणाच्या तरी कडेवर बसून जत्रा बघणं. पाण्यातून वर आल्या आल्या बडी म्हणाली, "आपल्या पायांनी जायचं असेल तर काय करावं लागतं गं?" त्याचं उत्तर होतं 'ओपन वॉटर' कोर्स. तो झाला की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. मे महिन्यात कोह ताओचा समुद्र बरा असतो आणि बालीतही कोरडा हंगाम सुरू झालेला असतो, म्हणून सुट्टीत दोन्ही जोडून घेतलं.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने चुंफोन, तिथून बोट. गाडीत अटेंडंट येऊन पांढऱ्याशुभ्र चादरी घालून देतो, पण एसी असा सोडतात की आत भाजी ठेवली तर आठवडाभर टिकेल. बडीने वरचा बर्थ घेतला, झोतासमोरचा. पहाटे चुंफोनला उतरलो तेव्हा तिचं नाक चोंदलेलं होतं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

कोह ताओ म्हणजे कासवबेट. जेमतेम २१ चौरस किलोमीटर. १९४० च्या दशकात इथे राजकीय कैदी ठेवत. आता जगभरची पोरं स्वतःहून येतात आणि अंगाला आवळणारे रबरी कपडे घालून हिंडतात. चढ असे की भाड्याची स्कूटर घ्यायचा विचार आम्ही पहिल्याच वळणावर सोडला. जेवणाचं म्हणाल तर बडी शाकाहारी आणि थाई स्वयंपाकात मासळीचं पाणी जिथे तिथे. दुसऱ्या दिवशी 'जे' हा शब्द सापडला. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की खुशाल आत शिरायचं. तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आमची इन्स्ट्रक्टर पंचविशीतली स्पॅनिश मुलगी. तिने पहिला नियम सांगितला: पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. आणि मी विहिरीत शिकले होते काय, तर दम धरायचा! आमच्यात पैजाच त्यावर लागायच्या. नियमामागचं गणित सोपं आहे. १० मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. दम धरून वर आलात तर ती जागा फुप्फुस फाडून करून घेते. म्हणून श्वास चालूच ठेवायचा, नळी तोंडातून निसटली तरी ओठातून बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

हे डोक्याला पटलं. शरीराला पटेना. तलावात, जेमतेम छातीभर पाण्यात, मास्कमध्ये पाणी भरून घ्यायचं आणि ते बाहेर काढायचं, हा दुसरा धडा. मास्कची वरची कड बोटांनी दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकातून हवा सोडायची, की खालच्या कडेने पाणी निघून जातं. लिहायला एक ओळ लागते. मी पहिल्यांदा पाणी आत घेतलं, ते डोळ्यांशी आलं, आणि विहिरीतल्या पोरीने सवयीने दम धरून तडक वर उसळी मारली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्या मुलीने माझा पट्टा पकडून ठेवला आणि शांतपणे माझ्या डोळ्यांत बघत स्वतःच्या छातीवर हात खालीवर करत राहिली. घे, सोड. घे, सोड. बाळाला थोपटतात त्या लयीत. सहाव्या की सातव्या खेपेला पाणी गेलं, आणि समोर तलावाची निळी फरशी आणि बडीचे मास्कमागे मोठे झालेले डोळे लख्ख दिसले.

बडीचे मास्कचे धडे पहिल्या फटक्यात झाले. ती अडकली दुसऱ्या दिवशी समुद्रात. बोटीच्या काठावर उभं राहायचं, एका हाताने मास्क आणि तोंडातली नळी दाबायची, दुसरा हात वजनाच्या पट्ट्यावर, आणि एक लांब ढांग टाकायची. इथवर ठीक. दोरी धरून खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, म्हणजे कानातला दडा सुटतो. तीन मीटरवर बडीने तळहात आडवा धरून हलवला, म्हणजे गडबड आहे, आणि कानाकडे बोट केलं. वर गेली, पुन्हा उतरली, पुन्हा तेच. सर्दीत कान मोकळे होत नाहीत आणि जबरदस्ती केली तर पडदा जातो. इन्स्ट्रक्टरने तिला बोटीवर पाठवलं आणि माझी जोडी एका उंचापुऱ्या जर्मन मुलाशी लावली.

माझ्या आयुष्यातली पहिली खरीखुरी डाइव्ह मला नीट आठवत नाही, कारण सगळा वेळ मी मनात बडीशी बोलत होते. वर आले तर ती बोटीवर बसून समुद्र लागलेल्या तिघांना पर्समधला आलेपाक वाटत होती. मला पाहून म्हणाली, "झालं ना तुझं? माझं उद्या बघू," आणि पाठ फिरवून बराच वेळ आलेपाकाची पुडी नीट बंद करत बसली.

उद्या नाहीच झालं. दोन दिवस वाफा घेऊन तिसऱ्या दिवशी ती पाण्यात गेली, कोह नांग युआनजवळच्या जपानी बागेत. तिथे प्रवाळ उथळ आहे. माझा कोर्स तोवर संपला होता. मी स्नॉर्कल, म्हणजे पाण्यावर श्वास घ्यायची नळी, लावून वरूनच निघाले. खाली आठ-नऊ मीटरवर ती दिसत होती, निळसर, छोटीशी, गुडघे टेकून बसलेली. तिने मास्कमध्ये पाणी घेतलं, काढलं. तिचे बुडबुडे वर येताना मोठे होत होते, ताटाएवढे चपटे होऊन माझ्या पोटाशी फुटत होते. जन्मभर या बाईचं बोलणं ऐकलं, आज ते बोलणं नुसतंच येऊन फुटत होतं. तिने वर पाहिलं आणि अंगठा दाखवला. मस्त, असं म्हणायचं होतं तिला. पण पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. मस्तसाठी अंगठा आणि तर्जनीचा गोल. इन्स्ट्रक्टर लगेच तिचा दंड धरून वर निघाली. वर येऊन बडीने सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत स्पष्टीकरण दिलं.

मग दोघींनी मिळून 'व्हाइट रॉक'ला डाइव्ह केली. तिथे टायटन ट्रिगरफिश भेटला. हा हातभर लांबीचा, दातांचा मासा घरट्यावर असला की कुणालाही सोडत नाही. त्याची हद्द घरट्यापासून वर वर रुंद होत जाते, सरळ धरलेल्या नरसाळ्यासारखी. म्हणून घाबरून वर पळालं की आपण त्याच्या हद्दीतच राहतो, आडवं निसटायचं असतं. हे पुस्तकात वाचलं होतं. पण तो पाठीवरचा काटा उभारून आला तेव्हा मी वरच निघाले, आणि बडीने माझ्या पायातली फिन, म्हणजे पोहायचं रबरी पातं, धरून मला आडवं ओढलं. फिनच्या टोकाला त्याच्या दातांची खूण उमटली आहे. दुकानदाराने भरपाई मागितली नाही, उलट फोटो काढून घेतला.

शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन आधी निघून जावा लागतो. त्या सक्तीच्या रिकामपणात आम्ही परतीच्या वाटेवर आयुथया पाहून घेतलं. अयोध्येवरून नाव पडलेली थायलंडची ही जुनी राजधानी ब्रह्मी सैन्याने १७६७ मध्ये जाळली. तिथल्या वात महाथात या मंदिरात झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्याच्याशी फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, आपलं डोकं त्याच्या वर जाता कामा नये. तिथला रखवालदार उभ्या माणसांना हाताने खाली बसवत होता. बाकी उन्हाने जीव नकोसा झाला आणि आम्ही शहाळ्यांवर दिवस काढला.

बालीत दक्षिणेकडे एक रात्र काढली आणि गर्दीला कंटाळून तडक ईशान्येला निघालो. वाटेत तीर्थ गंगा लागतं. कारंगासेमच्या राजाने बांधलेले हौद, मध्ये पाण्यावर पावलापुरते दगड, आणि पायाशी मासे. गंगेचं नाव इतक्या दूर वाचून बडीने चूळ भरायला ओंजळ पुढे केली, मी थांबवलं.

पुढे किनाऱ्यावरचं तुलांबेन गाव. तिथे येण्याचं कारण एक जहाज. लिबर्टी हे अमेरिकी लष्कराचं मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीने लोंबोकच्या सामुद्रधुनीत त्याला टॉर्पेडो मारला. ओढून बंदरात न्यायचा प्रयत्न झाला, पण पाणी भरत गेलं, तेव्हा ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. २१ वर्षं ते तिथे वाळूत पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला, हजाराहून अधिक माणसं गेली, आणि त्या हादऱ्यांनी जहाज सरकून समुद्रात गेलं. आता ते काठापासून हाकेच्या अंतरावर, पाच ते तीस मीटर खोलीत आडवं पडलेलं आहे. बोट लागत नाही, चालतच पाण्यात शिरायचं.

हे चालतच प्रकरण मात्र अवघड. किनारा काळ्या गोट्यांचा, तापलेला, पायाखाली घरंगळणारा. आम्ही दोघी एकमेकींना धरून म्हाताऱ्यांसारख्या चाललो होतो, आणि शेजारून गावातल्या बायका डोक्यावर सिलिंडर घेऊन झपाझप जात होत्या. तिथे सामान वाहायचं काम त्यांचं. भरलेलं एक सिलिंडर पंधराएक किलोचं. डोक्यावर कापडाची चुंबळ, पायात रबरी सपाता, आणि दोन्ही हात मोकळे. दुकानात हवा भरायच्या कॉम्प्रेसरवर नारळीच्या पानाचा छोटा द्रोण, त्यात फुलं आणि उदबत्ती. चानांग सारी म्हणतात त्याला. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांना झेंडू वाहतात, इथे रोज सकाळी.

पाण्यात शिरण्याआधी एकमेकींची तपासणी करायची असते. बडीने मला नळीतून श्वास घ्यायला लावलं आणि टाकीतला दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत राहिली. दर श्वासाला काटा पडत होता, सोडला की चढत होता. टाकीची चावी मी अर्धवटच उघडली होती. वर हवा पुरेशी आली असती, खाली अडली असती. तिने चावी पूर्ण उघडली, डोळे वटारले, बोलली काहीच नाही. या बाईचं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

खाली जहाज सगळं जहाजासारखं दिसत नाही. पत्रा राहिलाच नाही म्हणा ना, सगळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि स्पंज. लाल रंग काही मीटरांतच पाणी गिळून टाकतं, म्हणून सगळं करडं-निळं. मार्गदर्शकाने एका फांदीवर टॉर्च टाकला आणि ती रक्तासारखी लाल पेटली. दिवा हलवला, पुन्हा राखेच्या रंगाची. हे त्याने तीनदा केलं आणि तिन्ही वेळा आम्ही दोघी मुलांसारख्या दचकलो. वाळूत बागेतल्या देठांसारख्या उभ्या ईल होत्या, जवळ गेलं की एकेक बिळात उतरणाऱ्या.

परतताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. माझ्या काट्यावर ६० बार उरले होते. तिथे उभी, म्हणजे तरंगत, असताना पाठीवरून कुणीतरी मला वर उचलायला लागलं. हवेलाही वजन असतं. भरलेल्या टाकीत ती अडीच किलोच्या वर असते, आणि ती ओढून संपवली की अ‍ॅल्युमिनियमची टाकी हलकी होऊन तरंगायला बघते. पाठीला बांधलेला रिकामा डबा, वर ओढणारा. सुंभ खांद्यात रुतल्याची जागासुद्धा मला आठवली. बडीने माझा पट्टा धरला. मी सगळा श्वास सोडला, हळूच खाली आले, आणि तिने बोटांचा गोल करून विचारलं. मी गोल केला.

काठावर एक बाई आमची वाटच पाहत होती, साधारण आमच्याच वयाची. तिने माझ्या पाठीवरून टाकी उतरवून घेतली. बडीने आपल्या टॉवेलची चुंबळ केली आणि खुणेने म्हणाली, मी नेते. त्या बाईने ती चुंबळ हातात घेऊन उलगडून पाहिली, हसली, आणि घट्ट पिळून नव्याने वळून बडीच्या डोक्यावर ठेवली. वर टाकी. बडी चार पावलं चालली, पाचव्याला गोटा घरंगळला. बाईने टाकी हवेतल्या हवेत झेलून आपल्या डोक्यावर घेतली, दुसरी खांद्यावर टाकली, आणि चढ चढून गेलीसुद्धा. टॉवेल तिच्याच डोक्यावर राहिला.