शेवटच्या क्षणाच्या अलीकडे

मंगळवार, रात्र

मरणाऱ्या माणसांजवळ जाऊन बसतेस, मग जगण्याबद्दल काय शिकलीस, असं आज एका मैत्रिणीने विचारलं. म्हटलं, ओठ कोरडे पडू द्यायचे नाहीत. ती हसली. तिला वाटलं, मी टाळतेय.

टाळत नव्हते. हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेतात तिथे, मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच. शेवटच्या दिवसांत माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो, गिळणं मंदावतं, जीभ चामड्यासारखी होते. स्पंजची काडी पाण्यात बुडवून नीट पिळायची. आधी गालाच्या आतल्या बाजूने फिरवायची, मग हिरड्यांवरून, मग जिभेवरून. घशाच्या फार जवळ नेली की उमासे येतात. शेवटी ओठांना मलम. घरच्यांना हे सांगताना ते हवालदिल होतात, कारण त्यांना भांडंभर पाणी पाजायचं असतं. ‘तहानलेली राहील हो ती!’ पण बंद पडत चाललेलं शरीर पाणी मागत नाही. त्रास होतो तो तोंडाच्या कोरडेपणाचा, आणि त्याला ही काडी पुरते. सांगून पटत नाही. त्यांच्याच हातात काडी दिली की पटतं. हाताला काम मिळालं की रडणंही जरा थांबतं.

मरण जवळ आलं की माणूस ऋषी होतो, हा आपला धडधाकट लोकांचा समज. खवचट माणूस खवचटच राहतो. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे म्हणून एका आजोबांनी सिस्टरना सकाळपासून धारेवर धरलं होतं. डॉक्टरांच्या अंदाजाने त्यांच्याकडे जेमतेम आठवडा होता. मी स्टूल आणून घड्याळ लावलं, तर म्हणाले, ‘आता दोन मिनिटं मागे गेलं.’ यातून मोठा अर्थ काढायचा मोह होतो. मी काढत नाही. ते आयुष्यभर असेच असणार, घरच्यांना विचारलं तर त्यांनीही मान डोलावली.

मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या, मरणाला सामोरं जातानाच्या पाच अवस्था आता सगळ्यांना पाठ आहेत: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. नातेवाईक मला विचारतात, ‘बाबा अजून रागातच आहेत, स्वीकार कधी येणार?’ जणू पुढच्या स्टेशनवर उतरायचंय. या पायऱ्या क्रमाने चढायच्या नसतात, हे क्यूब्लर-रॉस यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं होतं. सकाळी सगळी निरवानिरव करून ठेवणारा माणूस दुपारी पुढच्या वर्षीच्या प्रवासाचे बेत सांगतो, आणि दोन्ही वेळा तो खरंच बोलत असतो.

मला आज लिहायचंय ते वेळेबद्दल. सगळ्यांचा जीव लागलेला असतो शेवटच्या क्षणाकडे. आपण तिथे असू ना? काय बोलतील? पण बोलण्याची मुदत श्वासाच्या मुदतीआधी संपते, आणि हे घरच्यांना फारसं कोणी सांगत नाही. बहुतेक आजारांत शेवटचे काही दिवस माणूस झोपेतच असतो. हाक मारली तर आधी डोळे उघडतो, मग नुसत्या भुवया हलवतो, मग तेही नाही. श्वास अडखळतो, मध्येच इतका वेळ थांबतो की खोलीतले सगळे एकमेकांकडे बघतात, आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. ऐकवत नाही, पण ज्याला ती लागलेली असते त्याला बहुधा त्याचा पत्ता नसतो; आपल्याला असतो. म्हणजे खरं शेवटचं बोलणं होऊन जातं ते तीन-चार दिवस आधीच, ‘पंखा कमी कर’ असलं काहीतरी, आणि हेच शेवटचं होतं हे कळतं मागाहून.

लांबून निघालेली माणसं मनात भाषण जुळवत येतात आणि इथे पोचतात तेव्हा समोरचा गाढ झोपलेला असतो. सिस्टर त्यांना म्हणतात, बोला तरीही. याला थोडा आधार आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हाकेला ओ न देणाऱ्या काही रुग्णांचे मेंदूही आवाजातल्या बदलांना निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद देत होते. शब्द समजतात का, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मी तरी बोलते. खोलीत शिरताना नाव सांगते, हात लावण्याआधी ‘आता कूस बदलतोय हं’ म्हणते. आणि नातेवाईक पायथ्याशी उभे राहून वाटणीचं बोलायला लागले की त्यांना सरळ बाहेर काढते. तेवढा अधिकार मी स्वतःकडेच घेतलाय.

उपशामक सेवेकडे, म्हणजे आजारापेक्षा त्याचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांकडे, लोक येतात तेही असंच उशिरा. ‘अजून तेवढी वेळ आली नाही’ म्हणत म्हणत. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना निदानानंतर लगेचच नेहमीच्या उपचारांच्या जोडीने ही सेवा दिली होती. त्यांना नैराश्य कमी आलं, आणि शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी घेऊनही ते जास्त जगले: मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो आकडा, ११.६ महिने, इतरांचा ८.९. हे आकडे सांगितले की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांच्या लेखी आमच्याकडे येणं म्हणजे हात टेकणं.

आकड्यांवरून आठवलं. गेल्या आठवड्यात एका मावशींचा मुलगा तासन्‌तास त्यांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे बघत बसला होता. आकडा घसरला की धावत सिस्टरकडे, वाढला की खुर्चीत. शेवटी सिस्टरनी ते यंत्र काढून खिशात टाकलं आणि म्हणाल्या, ‘दादा, आता याचा उपयोग नाही. त्यांचं कपाळ बघा. आठी पडली की मला बोलवा, मी औषध देते.’ तो भांबावला. मग खुर्ची पुढे ओढून कपाळ बघत बसला. बऱ्याच वेळाने मला म्हणाला, आईच्या भुवईत एक जुनी खोक आहे, मला माहीतच नव्हतं. कशाची असेल? हे आता विचारणार कोणाला!

आधुनिक हॉस्पिसची सुरुवातही अशीच एका खाटेशेजारच्या गप्पांतून झाली. सिसिली साँडर्स लंडनला हॉस्पिटलात समाजसेविकेचं काम करत होत्या तेव्हा डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने शेवटचे दिवस मोजत होता. त्याला ना घर ना गोतावळा. दोघं बोलत राहिले, अशा माणसांसाठी कशी जागा असावी याबद्दलही. १९४८ साली तो गेला आणि मागे त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवून गेला, त्या जागेच्या एका खिडकीसाठी. पुढे साँडर्स डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. खिडकी आधी आली, इमारत १९ वर्षांनी. टास्माला तिच्यातून बाहेर बघायला मिळालं नाही, पण पैसे ठेवताना त्याला ते माहीतच होतं. मला या गोष्टीतली हीच जागा फार आवडते.

ज्यांना क्षण गाठता येत नाही त्यांचं मात्र वाईट वाटतं. रात्रभर आईच्या उशाशी बसलेली मुलगी चूळ भरायला उठते, आणि परत येते तोवर सगळं संपलेलं. असं पुष्कळदा होतं. काही जण म्हणतात, त्या तू उठण्याचीच वाट बघत होत्या, तुझ्यासमोर जाणं त्यांना जड जात होतं. असेलही. मी एवढंच म्हणते की रात्रभर होतीस ना. तिला ते पुरत नाही. वर्षभराने भेटली तरी ती त्या पाच मिनिटांबद्दलच बोलते, आधीच्या रात्रीबद्दल अवाक्षर नाही.

माझ्यात काय बदललं म्हणावं तर फार नाही. अजून रांगेत चिडते, अजून जुनी भांडणं उकरते. ‘सवडीने बोलू’ म्हणणं तेवढं सोडलंय. बोलायचं तर आत्ता, नाहीतर वार ठरवून. आणि विचारते. एक काकू डोळे मिटलेल्या अवस्थेत ‘चष्मा, चष्मा’ पुटपुटत होत्या. नाकाला टोचेल म्हणून सुनेने तो काढून ठेवला होता. तिचंही चूक नव्हतं, आणि मिटल्या डोळ्यांना चष्मा कशाला असं मलाही वाटलं. ‘घालू का?’ विचारलं, हुंकार आला, घातला. त्या चष्म्यासकट झोपी गेल्या. तेव्हापासून कोणाला काय हवं असेल याचे अंदाज मी कमी बांधते.

म्हणून मघाशी नवऱ्यालाही विचारलं, तुला शेवटी काय हवंय? मॅच बघत होता. म्हणाला, रेडिओ, आणि तुझ्या धाकट्या भावाला दाराबाहेर. नळ्या नकोत, हेही त्याच दमात सांगून टाकलं. जाहिराती लागल्या तेव्हा त्याने उलट मला विचारलं. मला त्याच्याइतकं झटपट सांगता येईना. खोलीत उजेड हवा, इतपत ठरलं. व्हेंटिलेटरवरून आमचं वाजलं. तो म्हणतो, ‘तुझ्या बाबतीत मी इतक्यात हार मानणार नाही.’ मी म्हटलं, प्रश्न माझ्या खाटेचा आहे. रविवारी त्याला सुट्टी आहे, तेव्हा डॉक्टरांकडून, शेवटी कोणते उपचार हवेत-नकोत ते लिहून ठेवायचा कागद आणून पुढचं भांडण करायचं ठरलंय.