बारा प्रकार, छत्तीस गेम : आठव्या महिन्याची नोंद

या महिन्यात दोन प्रकार संपले, एक निम्म्यावर आहे आणि यादीतली एक मोठी निवड मी बदलली. त्या बदलाबद्दल सविस्तर लिहायचं आहे. त्याआधी हिशोब.

ही नोंद पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी: व्हिडिओ गेमचे बारा प्रकार घेतले आहेत आणि प्रत्येकात तीन गेम खेळायचे. एक आधीचा, एक मधला, एक नंतरचा. मधला म्हणजे ज्याने तो प्रकार ठरवला असं मला वाटतं तो. नुसता मधलाच खेळला तर त्याने काय केलं हे कळत नाही, कारण त्याने आणलेल्या गोष्टी आपण आधीच शेकडो गेममध्ये पाहिलेल्या असतात. आधीचा खेळून आलात की मग त्या दिसतात. माझा प्रश्न प्रत्येक वेळी एकच असतो: मधल्यात असं काय आहे, जे आधीच्यात नव्हतं आणि नंतरच्याला टाळता आलं नाही?

प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचं), फर्स्ट पर्सन शूटर (पात्राच्या नजरेतून गोळीबार) आणि पडत्या ठोकळ्यांचं कोडं हे तीन आधीच झाले होते. आता रिअल-टाइम स्ट्रॅटेजी (तळ बांधून सैन्य हाकायचं, पाळ्या न घेता) आणि मेट्रॉइडव्हेनिया (नव्या शक्ती मिळवून त्याच नकाशातल्या अडलेल्या वाटा उघडायच्या) धरून पाच झाले. रोगलाइक (प्रत्येक डाव नवा, मेलात की पहिल्यापासून) चालू आहे. फायटिंग (दोघांची समोरासमोर मारामारी) जिथल्या तिथे आहे, त्याचं कारण शेवटाकडे.

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी

यादी केली तेव्हा मधला गेम म्हणून 'कमांड अँड कॉन्कर' (1995) लिहिला होता आणि 'ड्यून टू' (1992) त्याच्या आधीचा. दोन्ही वेस्टवुड या कंपनीचेच. 'ड्यून टू' चार दिवसांत उरकायचा आणि पुढे जायचं असा बेत होता.

पहिल्या तीन मोहिमा फार जड गेल्या. या गेममध्ये एका वेळी एकच युनिट (एक रणगाडा किंवा एक गाडी) निवडता येतं. माउसने दहा रणगाडे हलवायचे असतील तर रणगाड्यावर क्लिक, उजव्या पॅनेलमधल्या हुकमावर क्लिक, मग जागेवर क्लिक, आणि हे दहा वेळा. शेवटचा रणगाडा निघेपर्यंत पहिला शत्रूच्या तोफांपुढे एकटा जाऊन उभा राहिलेला असतो. तिसऱ्या मोहिमेनंतर मी तीन दिवस गेम उघडलाच नाही.

परत आलो तेव्हा चौथ्या मोहिमेत एक गोष्ट लक्षात आली. माझे हात काय करतायत हे मला बघावं लागत नव्हतं. आधी वीज, मग रिफायनरी, हार्वेस्टर (गोळा करणारी गाडी) मसाल्यावर (वाळूतलं मौल्यवान द्रव्य, ज्याचे पैसे होतात), पैसे आले की पुढची इमारत, त्या इमारतीमुळे पुढचं युनिट. हा क्रम मला कुणी शिकवला? 'ड्यून टू'ने नाही. तो वर्षानुवर्षं इतर गेमनी शिकवलेला होता, आणि त्या सगळ्यांनी तो इथून घेतला होता.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे नकाशाची रचना. इमारती फक्त खडकावर बांधता येतात आणि मसाला फक्त वाळूत असतो. वाळूत प्रचंड अळ्या फिरतात आणि अख्खा हार्वेस्टर गिळून टाकतात. म्हणजे सुरक्षित जागा एकीकडे आणि पैसा दुसरीकडे. नुसतं तळावर बसून राहिलात तर पैसा आटतो, बाहेर पडलात तर हार्वेस्टर जातो. पाचव्या मोहिमेत माझे दोन हार्वेस्टर एकापाठोपाठ गेले आणि पुढची वीस मिनिटं मी एकही रणगाडा बांधू शकलो नाही. लढाई मी रणांगणावर हरलो नव्हतो, वाळूत हरलो होतो. या प्रकारातला सगळा ताण या एका अंतरातून जन्माला येतो असं माझं मत झालं आहे.

मग 'कमांड अँड कॉन्कर' सुरू केला. चौकोन ओढून अख्खी तुकडी निवडता येते, शत्रूवर क्लिक केलं की हल्ला होतो. हात एकदम मोकळे झाले. खूप सुखाचा अनुभव होता तो, आणि तरीही सांगाडा तोच. मसाल्याच्या जागी टायबेरियम, बाकी साखळी जशीच्या तशी. त्यामुळे मी यादी खोडली. 'ड्यून टू' मधला झाला, 'कमांड अँड कॉन्कर' नंतरचा.

आता आधीचा कोण? त्यासाठी 'हर्झोग त्स्वाय' (1989) घेतला, मेगा ड्राइव्ह या गेम-कन्सोलवरचा. यात आपण स्वतः मैदानात असतो: एक यंत्रमानव, जो विमानही होतो. युनिटची मागणी करायची, ती उचलून न्यायची आणि हव्या त्या ठिकाणी सोडायची. कल्पना सुंदर आहे आणि दोघांनी एकमेकांविरुद्ध खेळताना अजूनही रंगते. पण 'ड्यून टू'ने नेमकं काय केलं ते हा खेळल्यावरच कळलं. त्याने खेळाडूला मैदानातून उचललं आणि वर नेऊन ठेवलं. मैदानावर आपलं शरीर नाही, आपण फक्त माउसचा बाण. त्यानंतर या प्रकारातला जवळजवळ प्रत्येक गेम वरूनच बघतो.

एकूण 'ड्यून टू'ला 31 तास लागले. खेळायला मिळणाऱ्या तीन घराण्यांपैकी अट्रायडीस घराण्याच्या नऊही मोहिमा पूर्ण केल्या. उरलेली दोन घराणी मी करणार नाही.

मेट्रॉइडव्हेनिया

इथे बरोबर उलटं झालं. स्ट्रॅटेजीत मधला गेम मागे सरकला, इथे तो पुढे सरकला. 'मेट्रॉइड' (1986) हा पहिला, नावातच आहे. तो मी आधीचा म्हणून खेळलो आणि कागदावर चौकटी काढत बसलो, कारण त्यात नकाशाच नाही. एकसारखे दिसणारे उभे बोगदे, त्यात आपण कुठे आहोत याचा पत्ता लागत नाही. त्याची सुरुवात मात्र मला अजूनही फार आवडते. त्या काळातल्या खेळाडूची सवय उजवीकडे पळायची. इथे उजवीकडे गेलात की पुढे बुटकी वाट लागते आणि अडता. परत डावीकडे यावं लागतं, तिथे गोळा होऊन घरंगळण्याची शक्ती ठेवलेली आहे. पहिल्या मिनिटातच गेम सांगतो की इथे मागे फिरणं म्हणजे हार नव्हे.

पण मधला गेम 'सुपर मेट्रॉइड' (1994) हाच. मालिकेतला तिसरा. आपण चाललो तसा नकाशा भरत जातो, आणि तेवढ्याने खेळाचा कल बदलतो. आता मागे फिरताना हरवल्याची भीती नसते, 'तिथला दरवाजा आता उघडेल' ही ओढ असते.

मला या गेमबद्दल खरं बोलायचं आहे ते त्याच्या शिकवण्याबद्दल. ब्रिन्स्टार या भागात एका खोल विहिरीत मी पडलो. वर जायला मार्ग नाही. तळाशी तीन छोटे हिरवट प्राणी. ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उड्या मारत वर जातात आणि परत खाली येतात. एक शब्द नाही, बटणाचं चित्र नाही. मी पंधरा-वीस मिनिटं नुसता बघत होतो, मग तसंच करायला लागलो. भिंतीला चिकटल्यावर क्षणभर उलट दिशा धरून मग उडी, हे हाताला सापडलं तेव्हा खरोखर आनंदाने उठून उभा राहिलो. पुढे शहामृगासारखा एक प्राणी धावत येऊन सरळ वर झेपावतो आणि तसाच दुसरा धडा देतो. या दोन्ही युक्तींपैकी भिंतीवरची उडी तर गेमच्या पहिल्या क्षणापासून आपल्याकडे असते. आपल्याला फक्त ठाऊक नसतं.

एका पुलाने मला दोन संध्याकाळी अडवलं. पाय ठेवला की दगड कोसळतात आणि आपण खाली. मी समजत होतो की यासाठी एखादी शक्ती कुठेतरी शोधायची आहे, आणि सगळा नकाशा पालथा घातला. उत्तर होतं धावण्याचं बटण. तेही सुरुवातीपासून होतंच. या प्रकारातल्या कुलपांना दोन तऱ्हेच्या किल्ल्या असतात: काही सापडतात, काही समजतात. पहिल्या तऱ्हेच्या किल्ल्या 1986च्या गेममध्येही भरपूर आहेत. दुसऱ्या तऱ्हेच्या इतक्या विचारपूर्वक पेरलेल्या मला इथेच प्रथम दिसल्या.

शेवटी तीन मिनिटांचा काटा लावून ग्रहावरून पळायचं असतं. वाटेत वळून त्या प्राण्यांनाही सोडवता येतं. मी पहिल्या खेपेला सोडवलं नाही, मला माहीतच नव्हतं. म्हणून फक्त तेवढ्यासाठी शेवटचा भाग पुन्हा खेळलो.

'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट' (1997) मधला का नाही, असं विचाराल. प्रकाराच्या नावातलं दुसरं अर्ध त्या मालिकेचं आहे आणि तो किल्ला मला प्रिय आहे. पण त्यात अनुभवाचे गुण मिळवून पातळी वाढते. अडलात तर शत्रू मारत राहायचं आणि बळ वाढवायचं, हा एक मार्ग कायम उघडा असतो. 'सुपर मेट्रॉइड'मध्ये तसा मार्ग नाही. जागा समजून घ्यावीच लागते. नंतरचा म्हणून 'हॉलो नाइट' (2017) घेतला. त्यात नकाशा विकत घ्यावा लागतो आणि बाकावर बसल्याशिवाय तो भरत नाही. नकाशा काढून घेणं ही त्या गेमची धाडसी खेळी आहे, आणि ती कळते ती 1994मध्ये नकाशा दिला गेला म्हणूनच.

रोगलाइक, निम्म्यावर

'रोग' (1980) रोज रात्री एक डाव या गतीने चालू आहे. आतापर्यंत 43 मरणं. सर्वांत खोल गेलो ती भुयाराची चौदावी पातळी, तिथे ट्रोलने संपवलं. ज्यासाठी खाली उतरायचं ते अॅम्युलेट (ताईत) सव्विसाव्या पातळीवर असतं आणि ते घेऊन पुन्हा वर यावं लागतं, त्यामुळे अजून खूप लांब आहे.

पडद्यावर फक्त अक्षरं. मोठं इंग्रजी अक्षर म्हणजे राक्षस, आणि मला आता अक्षराचीच धास्ती वाटते. 'ए' दिसला की चिलखत उतरवून लढायचं, कारण अॅक्वेटर ते गंजवतो. औषधांचे रंग आणि स्क्रोलची (मंत्राच्या गुंडाळ्यांची) नावं प्रत्येक डावात नव्याने वाटली जातात, म्हणून मागच्या डावातली निळी बाटली या डावात काही सांगत नाही. जे टिकतं ते फक्त डोक्यात टिकतं. डाव सेव्ह करता येतो, पण पुन्हा उघडला की ती फाइल पुसली जाते.

हा मधला की आधीचा, हे अजून ठरलेलं नाही. प्रकाराला नाव याचंच. 2008मध्ये बर्लिनला जमलेल्या रोगलाइकच्या निर्मात्यांनी या प्रकाराच्या खुणा लिहून काढल्या त्याही बऱ्याचशा याच्याच. पण आज आपण ज्याला रोगलाइक म्हणतो ते बहुतेक गेम त्याच वर्षीच्या 'स्पेलंकी'च्या वाटेने आलेले दिसतात: पाळीपाळीची चाल सोडली, मरण ठेवलं. 'स्पेलंकी' खेळून झाल्यावर बोलेन.

बाकी थोडक्यात

फायटिंग अडकलं आहे. 'स्ट्रीट फायटर टू' (1991) एकट्याने संगणकाविरुद्ध पूर्ण केला, पण त्याने काही सिद्ध होत नाही. त्यातले कॉम्बो (एकापाठोपाठ न थांबता बसणारे फटके) निर्मात्यांनी आखलेले नव्हते, चुकून राहिले आणि मुद्दाम ठेवले गेले. ते कशासाठी हे समोर माणूस बसल्याशिवाय कळणार नाही. नियमित खेळणारं कुणी मिळेपर्यंत हा खाना रिकामा ठेवतोय.

जुन्या नोंदीत एक दुरुस्ती: 'डूम'बद्दल (1993) लिहिताना मी सगळं श्रेय वेगाला दिलं होतं. मागच्या आठवड्यात 'वोल्फेनस्टाइन थ्रीडी' (1992) पुन्हा उघडला आणि चूक कळली. तिथे फरशी सपाट, भिंती काटकोनात आणि उजेड सगळीकडे सारखा. 'डूम'ने जिने आणि अंधार दिला. वेग दोघांतही होता.

पुढचा प्रकार सर्व्हायव्हल हॉरर (अपुऱ्या साधनांनी भीतीतून तगून राहायचं). 'अलोन इन द डार्क' (1992) आणि 'रेसिडेंट ईव्हिल' (1996) तयार आहेत, तिसरा शोधतोय. सुचवायचा असेल तर असा सुचवा, ज्यात सेव्ह करणं अजूनही मोजूनमापून करावं लागतं.

'रोग'चा चव्वेचाळिसावा डाव काल रात्री नवव्या पातळीवर सेव्ह करून झोपलो. जवळ दोन न वाचलेले स्क्रोल आहेत, आणि अन्न एकाच वेळेपुरतं.