व्हरांड्यातला कीबोर्ड

स्मरणिकेसाठी 'शाळेतील संगणक शिक्षणाची वाटचाल' हा विषय गुरुजींनी मला दिला, कारण आमच्या बॅचमध्ये संगणकावर पोट भरणारा मी एकटाच, असा त्यांचा समज आहे. खरं तर आता कोण भरत नाही? आमच्या वर्गातला एक जण दूध संकलन केंद्र चालवतो, त्याच्या काट्याला आणि फॅट मशीनलाही संगणकच जोडलेला आहे. पण गुरुजींनी सांगितलं म्हणजे लिहायचं.

शाळेत पहिला संगणक आला २६ जानेवारी २००१ ला. मी चौथीत होतो. तारीख लक्षात राहिली ती झेंडावंदनामुळे नव्हे. त्याच दिवशी सकाळी गुजरातेत भूकंप झाला आणि संध्याकाळी सगळा गाव ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे गोळा झाला होता. संगणक दिला होता गावातल्या एका गलाईवाल्या अण्णांनी. आपल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. पावसानं पाठ फिरवली म्हणून गाव सोडलं, पण जत्रेला येताना गावासाठी काहीतरी आणायची रीत सोडली नाही. कुणी देवळाला कळस दिला, कुणी सभामंडप. अण्णांनी कोइमतूरच्या दुकानातलं जुनं मशीन आणलं, जीपच्या मागच्या सीटवर वाकळेत गुंडाळून. नारळ फुटला, मॉनिटरला हळदीकुंकू लागलं, कीबोर्डलाही लागलं. ती हळद बटणांच्या फटीत गेली ती शेवटपर्यंत निघाली नाही.

पाहुणे पांगल्यावर गुरुजी आमच्याकडे वळून म्हणाले, "हे बघा, मला यातलं काय बी येत न्हाई. तुमाला बी येत न्हाई. म्हंजे आपण एकाच वर्गात हाय." गुरुजींना एखादी गोष्ट येत नाही, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते खरंच बोलत होते. मशीन बंद कसं करायचं हे पहिले काही आठवडे कुणालाच ठाऊक नव्हतं, शाळा सुटली की भिंतीवरचं बटण बंद करायचो. विंडोज ९८ ला असं बंद केलेलं खपत नसे. दुसऱ्या दिवशी सुरू करताना निळा पडदा यायचा, नीट बंद न केल्याबद्दल इंग्रजीतून ताकीद यायची आणि मग सगळी डिस्क तपासत बसायची. आम्हाला वाटायचं, संगणक सुरू होण्याची पद्धतच ती. त्याची पूजा चालली असावी, तसे हाताची घडी घालून बसायचो.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि २००२ च्या मे महिन्यात गुरुजींनी विट्याला नाव घातलं. पुढे सरकारी नोकरांना ती परीक्षा सक्तीची झाली तेव्हा इन्क्रिमेंट अडकेल म्हणून पुष्कळांनी धावपळ केली. गुरुजी त्याआधीच, पदरच्या पैशानं, पन्नाशीला टेकलेले असताना रोज एसटीनं जाऊन आले. संध्याकाळी परतले की शाळेच्या पायरीवर आम्ही सुट्टी असूनही हजर. सकाळी शिकलेलं संध्याकाळी शिकवून टाकायचे. विसरायच्या आत, म्हणत.

पण मशीन एक, पोरं चाळीसच्या वर, आणि दुपारची वीज बेभरवशाची. म्हणून जूनमध्ये शाळा भरल्यावर गुरुजींनी फळ्याला दिलेल्या रंगातून उरलेला काळा आणि कुठून तरी मागून आणलेला पांढरा रंग घेतला आणि व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर अख्खा कीबोर्ड काढला. एकेक बटण दोन पावलं मावतील एवढं. आपलं नाव उड्या मारत 'टाइप' करायचं. कॅपिटल अक्षर हवं असेल तर दोघं लागायचे. एकानं शिफ्टवर उभं राहायचं, तो हलला की नाव लहान अक्षरात गेलं म्हणून बाद. स्पेस बार एवढा लांब की लंगडी घालत पार करायचा. कंट्रोलवर उभं राहायला कुणी तयार नसे, कारण त्याचा उपयोग काय ते कळायचं नाही.

यात एक फजिती होती. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० च्या जूनमध्ये, आणि आम्ही तेव्हा चौथीत पोचलो होतो. आमचं एबीसीडी पाचवीत उघडलं. माझी बहीण तीन वर्गांनी लहान, पण तिचं पहिलीतच सुरू झालेलं, म्हणजे इंग्रजीत ती माझ्यापेक्षा एका वर्षानं थोरली. सहावीतला दादा 'के' कुठाय म्हणून शोधत फरशीवर घुटमळतोय आणि तिसरीतली पोरगी कमरेवर हात ठेवून दाखवतेय, हे दृश्य सगळ्या शाळेनं पाहिलं. कीबोर्डवर अक्षरं ओळीनं का नाहीत, हा तिचा प्रश्न मात्र गुरुजींनाही सुटला नाही. "टायपरायटरवाल्यांनी करून ठेवलंय," एवढंच ते म्हणाले.

आता माउसच्या चोरीबद्दल. त्या काळच्या माउसच्या पोटात गोळी असायची, वरून रबर, आत लोखंड. एका सोमवारी ती गायब. शनिवारी मशीन कुणी हाताळलं याची चौकशी झाली, कुणी कबूल होईना. गुरुजी काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत पिंपळाखाली गोट्यांचा डाव बघत उभे राहिले. काचेची गोटी आपटून उडते, एक मात्र लागली की 'थप' आवाज करून तिथंच बसायची. ज्याची होती त्यानं न विचारताच खिशातून फडकं काढून ती पुसून दिली. तो आज दूध संकलन केंद्र चालवतो.

दुसरी फजिती गुरुजींची. सहामाहीची प्रश्नपत्रिका त्यांनी रात्री बसून मराठीत टाइप केली, फ्लॉपीत भरली आणि छापायला विट्याला नेली. तिथल्या मशीनवर उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा नुसता भाजीपाला. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट आतून इंग्रजीच असत. 'क'च्या जागी आत एखादं इंग्रजी अक्षरच साठवलेलं, फॉन्ट फक्त त्यावर मराठीचं सोंग चढवायचा. तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की सोंग उतरलं. पुढं युनिकोड रुळलं, 'क'ला त्याचा स्वतःचा क्रमांक मिळाला आणि तो जगात कुठंही गेला तरी 'क'च राहिला. मी आज पुण्यात बँकांच्या ॲपमधलं मराठी तपासतो. कुठं अक्षर तुटलेलं दिसलं की विट्याहून हातानं प्रश्नपत्रिका लिहीत परतलेले गुरुजी आठवतात.

पुढचं लवकर सांगतो. आम्ही २००४ ला सातवी पास होऊन गेल्यावर सर्व शिक्षा अभियानातून तीन संगणक आले. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय निघाला, गावागावांत लोकवर्गणीतून डिजिटल शाळा झाल्या, आपल्याकडेही प्रोजेक्टर आला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजी पुस्तकात क्यूआर कोड घालून २०२० मध्ये जगात गाजले. ते कोड त्याआधीच बालभारतीच्या पुस्तकांतही आले होते. आणि २०२० मध्येच शाळा बंद पडल्यावर आपली पोरं रेंजसाठी माळावर जाऊन बसली.

या सगळ्यात एक गोष्ट कुठल्याच फोटोत नाही. मधल्या एका वर्षी बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडली होती आणि प्रोजेक्टर सात महिने कपाटात होता. मशीन देणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं, वीजबिल भरणाऱ्याचं कुठं लावणार? म्हणून ते भरायला कुणी पुढं येत नाही. पदवीधर शिक्षिका बाईंनी दोन महिने स्वतःच्या पगारातून भरलं. हे मला त्यांनी नाही, शिपाईमामांनी सांगितलं.

गेल्या जूनपासून आमच्या बॅचनं बिल वाटून घेतलंय, एकेका महिन्याला एकेक जण. भरलं की पावतीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. फेब्रुवारीचा माझा पडला आहे. मार्च ज्याच्याकडे होता त्यानं अजून टाकलेला नाही, आणि स्मरणिका तो नक्की वाचणार.