बारमाही वस्तीच्या बेटांची यादी करताना

गोड्या पाण्यातल्या कोणत्या बेटांवर माणसं बारा महिने राहतात, याची यादी करायला घेतली होती. समुद्री बेटांबद्दल वाचायला भरपूर मिळतं. तळ्यातली बेटं मात्र पर्यटनाच्या दोन ओळींत उरकली जातात, आणि तिथल्या रहिवाशांचा त्यात पत्ताच नसतो. ते मला फार खटकायचं.

सुरुवात आकारापासून केली. उत्तर अमेरिकेतल्या ह्युरॉन सरोवरातलं मॅनिटूलिन २,७६६ चौ. किमीचं, सरोवरातल्या बेटांत जगात सर्वांत मोठं. त्याच्या पोटातच शंभरावर तळी आहेत. पण तिथे पूल आहे, गाड्या थेट जातात. मग ते धरायचं की सोडायचं? सुमात्रातल्या टोबा सरोवरातल्या सामोसिरने तर आणखी पेचात टाकलं. ते मुळात चिंचोळ्या भूपट्टीने काठाला जोडलेलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालवा खणून ती पट्टी तोडली. दोन्ही ठेवली. सामोसिरवर बटक लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची गावं आहेत, आणि मी शोधत होते ती माणसं. भूगोलाची व्याख्या नव्हे.

लोकसंख्येचे आकडे मात्र फारसे कामी येईनात. ह्युरॉनमधल्याच मॅकिनॅक बेटावर उन्हाळ्यात रोज हजारो पर्यटक उतरतात, हिवाळ्यात पाचेकशे माणसं उरतात. उलट आफ्रिकेतल्या किवू सरोवरातल्या इजवीवर लाखाच्या वर लोक, शेती आणि मासेमारीवर जगणारे, आणि तरी त्याचं नाव फार थोड्यांनी ऐकलेलं. शेवटी आकडे बाजूला ठेवले आणि प्रत्येक बेटाला दोनच प्रश्न लावले: तिथे शाळा चालते का, आणि फेरी बंद पडली की लोक पलीकडे कसे जातात? तिथून काम मार्गी लागलं.

या दुसऱ्या प्रश्नानेच मला मॅडेलिन बेटावर बराच काळ रोखून धरलं. हे अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातलं; समोरचं बेफील्ड गाव जेमतेम चार किलोमीटरवर. पाणी मोकळं असेपर्यंत फेरी चालते. बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावरूनच मोटारी जातात, आणि नाताळ उरकल्यावर टाकून दिलेली झाडं बर्फात रोवून रस्ता आखला जातो. खरी कसोटी मधल्या दिवसांची. बर्फ फेरीला अडवण्याइतका असतो, पण मोटारीचं वजन पेलण्याइतका नसतो. तेव्हा विंडस्लेड निघते: मागे मोठाले पंखे लावलेली बंदिस्त घसरगाडी, बर्फ फुटलाच तर पाण्यावर तरंगणारी. बेटावरची शाळा लहान मुलांपुरतीच असल्याने मोठी मुलं त्या दिवसांत तिच्यातूनच बेफील्डच्या शाळेत जातात. ‘बारमाही’ हा शिक्का मी अशाच दिवसांवरून मारायचा ठरवलं.

सैबेरियातल्या बैकल सरोवरामधल्या ओल्खोनचंही तेच. उन्हाळ्यात फेरी, कडाक्याच्या थंडीत बर्फावरचा रस्ता, अधल्यामधल्या काळात हवेच्या गादीवर चालणाऱ्या होड्या. तिथे वीज पोचली तीसुद्धा २००५ मध्ये, पाण्याखालून केबल टाकून.

माजुलीपाशी ही कसोटी अपुरी पडली. ते नदीतलं बेट, म्हणून स्वतंत्र पान केलं; ब्रह्मपुत्रेतल्या या बेटाला २०१६ मध्ये जिल्ह्याचा दर्जा मिळाला, त्याला वगळणं मला पटेना. मिसिंग लोकांची चांगघरं खांबांवर उभी असतात, पुराचं पाणी खालून जातं. पण घर उंच बांधलं तरी काठ खचायचा थांबत नाही, आणि जमीनच गेली की कुटुंबांना बिऱ्हाड हलवावं लागतं. त्यासाठी यादीत नवा रकाना घातला: बेट स्वतः किती टिकून आहे. मॅनिटूलिनपुढे तो रिकामाच राहिला. दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवरावरच्या उरोस लोकांच्या तरंगत्या बेटांपुढे मात्र बरंच लिहावं लागलं, कारण तिथे टोटोरा गवताचा खालचा थर पाण्यात कुजत जातो आणि वरून नवं गवत सतत अंथरत राहावं लागतं.