तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही मार्झानमध्ये का राहतो

बर्लिनमध्ये कोणाकडेही गणपतीला गेलं की प्रसाद हातावर पडायच्या आत कोणीतरी विचारतंच, "अगं, तुम्ही अजून त्या मार्झानलाच? भीती नाही वाटत?" मी दरवेळी "भाडं परवडतं हो" म्हणून विषय संपवते. ते खरंय, पण अर्धंच, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

मार्झान म्हणजे पूर्व बर्लिनचं टोक, शहराच्या मधल्या अलेक्झांडरप्लात्झ चौकातून एस-सात या लोकल गाडीने वीसेक मिनिटं. १९७७ मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने इथल्या शेतांत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या अख्ख्या भिंती आणून क्रेनने एकावर एक चढवायला सुरुवात केली. या बांधकामाला प्लाटेनबाऊ म्हणतात. १९९० पर्यंत घरांचा प्रश्न कायमचा मिटवायचा असं पूर्व जर्मनीचे तेव्हाचे नेते होनेकर यांच्या सरकारचं ठरलं होतं. १९९० मध्ये देशच मिटला, घरं राहिली.

आज लोक नाकं मुरडतात, पण तेव्हा इथे घर मिळणं म्हणजे लॉटरीच. शहरातल्या जुन्या चाळवजा इमारतींत कोळशाची शेगडी आणि जिन्यात कॉमन संडास, आणि इथे हीटिंग, नळाला चोवीस तास गरम पाणी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी १९८१ ला आल्या. त्या सांगतात, रस्तेच नव्हते, नुसता चिखल, गमबूट घालून स्टेशनपर्यंत जायचं आणि तिथे पिशवीतले चांगले बूट काढून घालायचे. खालची झाडं रहिवाशांनीच सुट्टीच्या दिवशी श्रमदान करून लावलेली, आता पाचव्या मजल्याला टेकलीत.

शेजारच्या हेलर्सडोर्फमध्ये असाच एक जुना फ्लॅट म्युझियम म्हणून ठेवलाय, ६१ चौरस मीटर, तेव्हाचं भाडं १०९ मार्क. आम्ही हौसेने बघायला गेलो तर काय, सोफा सोडला तर आमचंच घर, तेच बिनखिडकीचं बाथरूम, तेवढंच किचन! नवरा म्हणाला, स्वतःचंच घर बघायला एवढे आलो आपण.

आता भिंतींचं. खिळा ठोकून बघा, वाकतो. देव्हाऱ्याची फळी लावायला हॅमर ड्रिल आणलं तर अकराच्या अकरा मजल्यांना कळलं, कारण या पॅनलमधून आवाज नळातल्या पाण्यासारखा वाहतो. पहिल्याच महिन्यात आजी दारात उभ्या, अगदी गंभीर चेहऱ्याने, "तुमच्याकडे रोज संध्याकाळी सातला गॅस लीक होतो का?" कुकर होता हो. त्यांना आत बोलावून तीन शिट्ट्या होईपर्यंत उभं केलं, तेव्हा पटलं.

आणि भीतीचं विचाराल तर, उगाच गोड बोलणार नाही. १९९२ मध्ये इथे भर रस्त्यात एका व्हिएतनामी तरुणाला भोसकून मारलं. बर्लिनची भिंत पडल्यावर कारखाने बंद पडले, तरणीताठी माणसं गेली, उत्तरेला तर काही अकरा मजली इमारतींचे वरचे मजले क्रेननेच उतरवले. २०२५ च्या संसदेच्या निवडणुकीत इथून एएफडीचा, म्हणजे स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या कट्टर उजव्या पक्षाचा माणूस निवडून आला. ट्राममध्ये कधी कोणी रोखून बघतं, मला ते कळतं, आणि मी रात्री उशिरा शेवटच्या डब्यात बसत नाही. पण ज्या व्हिएतनामी बाईकडून मी कोथिंबीर घेते ती त्या सगळ्या काळात इथेच होती, आणि रशियाहून आलेल्या जर्मन लोकांच्या दुकानात मला पनीरच्या जवळपास जाणारं त्व्होरोग मिळतं. आमच्या इंडियन ग्रुपवाल्या "चांगल्या एरियात" आधी राहायचो तेव्हा मला शेजारी कोण राहतं हेसुद्धा दोन वर्षं माहीत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात सहा आठवडे पुण्याला होतो. परत आलो त्याच संध्याकाळी कुकर लावला, दुसरी शिट्टी होतेय तोवर बेल. आजी. "सहा आठवडे काहीच आवाज नाही, मला वाटलं घर सोडलंत की काय, निदान सांगून तरी जायचं." चांगल्याच चिडल्या होत्या. आईने दिलेले मेथीचे लाडू पुढे केले. एक खाल्ला, आणि विचारलं, हे कशावरचं औषध?