तुम्ही विचारलंत म्हणून: शंभरातले कामावर किती लागतात?

नाशिकमधल्या कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, लग्नाच्या पंगतीत, भाजीवाल्यासमोर पिशवी धरून उभी असताना, प्रश्न एकच येतो. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं बांधकाम खात्यात काढलीत. खरं सांगा, सरकारी कामात शंभर रुपयांतले कामावर किती लागतात?" काही जण राजीव गांधींचं १९८५ सालचं वाक्यही सोबत आणतात, रुपयातले पंधराच पैसे खाली पोचतात हे. मी चालता चालता थोडंफार सांगते आणि घरी आल्यावर ते अपुरं वाटत राहतं. म्हणून आज बसून लिहिते आहे.

कामामागे खाल्ली जाणारी टक्केवारी असते. मी ती पाहिली आहे, तिच्यापायी माझ्या दोन बदल्या झाल्या आहेत, आणि ती किरकोळ आहे असं मी कधीही म्हणणार नाही. पण चौतीस वर्षांत सगळ्यात जास्त पैसा वाया जाताना पाहिला तो अशा कामांत, ज्यांत कुणी एक रुपयाही खाल्ला नव्हता.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गोदाकाठच्या काळ्या जमिनीतून जाणारा तीन किलोमीटरचा एक रस्ता माझ्याकडे होता. वरचं डांबर चांगलं होतं. पण बाजूपट्ट्या चढून रस्त्याच्या वर आल्या होत्या आणि दोन्हीकडचे चर गाळाने भरून गेले होते. पावसाचं पाणी रस्त्यावरच थांबायचं. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हात भेगाळते, आणि रस्ता खालून मोडतो. चर उपसायला आणि बाजूपट्ट्या तासायला फार पैसे लागणार नव्हते. मी दोनदा मागणी पाठवली. दोन्ही वेळा उत्तर आलं, देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या खात्यात, तरतूद शिल्लक नाही.

त्याच वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वरून निरोप आला: दुसऱ्या एका लेखाशीर्षाखाली निधी आहे, ३१ मार्चच्या आत खर्ची टाका, नाहीतर लॅप्स होईल, म्हणजे हातचा जाईल. ज्याचं इस्टिमेट तयार होतं असं एकच काम कपाटात होतं, एका ओढ्याच्या काठची संरक्षक भिंत. ती तातडीने बांधली. दगड चांगला, सिमेंटचं प्रमाण बरोबर, झालेल्या कामाची मोजमापं लिहितात त्या माप पुस्तिकेतली प्रत्येक नोंद माझ्या हातची आणि खरी. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही. भिंत आजही उभी आहे. तिच्या मागे राखण्यासारखं काही नव्हतं आणि आजही नाही.

रस्ता दोन पावसाळ्यांत गेला. मग त्याचं खडीकरणापासून सगळं नव्याने करावं लागलं, कारण नवीन कामाला पैसे होते. चर उपसायच्या मागणीच्या कितीतरी पट. मला त्या भिंतीची अजून लाज वाटते. मी तिच्या मापांवर सही केली होती आणि मापं खरी होती, म्हणून जास्तच वाटते.

एका लेखाशीर्षातले पैसे दुसऱ्यात न्यायचे तर पुनर्विनियोजनाची मंजुरी लागते, आणि मार्चमध्ये तिला वेळ नसतो. मार्चअखेरची ही घाई चूक आहे हे सरकारलाही माहीत आहे. केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत लिहिलेलं आहे की वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत खर्चाची घाई करणं हा वित्तीय औचित्याचा भंग समजावा. त्याच नियमांत अधिकाऱ्यासाठी आणखी एक कसोटी आहे: साधारण शहाणा माणूस स्वतःच्या पैशाची जेवढी काळजी घेतो, तेवढी सरकारी पैशाची घ्यावी. घराचं छत गळत असताना अंगणात दुसरी पायरी बांधणारा माणूस आपल्यापैकी कुणी पाहिला आहे का?

हेच मोठ्या आकड्यांत पाहायचं तर पाटबंधारे बघा. आमच्या नाशिकमधल्याच मेटा या अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत मुख्य अभियंता असलेल्या विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांच्या फुगलेल्या खर्चाबद्दल राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली. त्याच सुमाराला राज्याच्या आर्थिक पाहणीतली आकडेवारी गाजत होती: दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्च आणि सिंचनक्षेत्रात वाढ ०.१ टक्का. त्यावर सरकारची श्वेतपत्रिका आली, चौकशीसाठी चितळे समिती आली. भ्रष्टाचाराची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण आम्हा खात्यातल्या लोकांना दुसरंही एक कारण दिसत होतं. एकाच वेळी असंख्य धरणं सुरू करायची, प्रत्येकाला दरवर्षी चिमूटभर निधी द्यायचा, म्हणजे नारळ सगळीकडे फुटतो आणि कालवा कुठेच शेवटपर्यंत जात नाही. मधल्या काळात सिमेंट, लोखंड, भूसंपादन, सगळ्याचे दर चढतात. विदर्भातला गोसीखुर्द धरण प्रकल्प १९८३ मध्ये ३७२ कोटींचा होता, तो १८ हजार कोटींच्या पुढे गेला. निम्मी कामं सुरू केली असती तर कदाचित दुप्पट शेतांत पाणी पोचलं असतं. पण 'तुमचं धरण दहा वर्षांनी' असं कुठल्या तालुक्याला कोण सांगणार?

टेंडरबद्दलही विचारतात, सगळ्यात कमी दरवाल्यालाच काम का देता म्हणून. थोडक्यात सांगते. इस्टिमेटच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त बिलो, म्हणजे खाली, गेलं तर जादा सुरक्षा ठेव घेतात, तरी लोक वीस-पंचवीस टक्के बिलो भरतात. कारण इस्टिमेट कच्चं असलं की पुढे परिमाणं वाढणार आणि एक्स्ट्रा आयटम निघणार, हे त्यांना ठाऊक असतं. जागेवर न जाता, जुन्या इस्टिमेटवरून उतरवलेलं इस्टिमेट हे त्याचं मूळ. तिथे चार दिवस जास्त दिले तर पुढचे बरेचसे तंटे होत नाहीत.

आता आपल्या गावाकडे येते, कारण सगळ्यात जास्त जीव तिथे तुटतो. गुरू सिंह राशीत गेला की इथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो, आणि तो कधी जाणार हे पंचांगकर्ते कितीही वर्षं आधी सांगू शकतात. २००३ झालं, २०१५ झालं, २०२७ येणार हे २०१५ मध्येच लहान पोरालाही माहीत होतं. ज्याची तारीख बारा वर्षं आधी ठरलेली असते असं सरकारी काम दुसरं क्वचितच सापडेल. आणि स्नानं श्रावण-भाद्रपदात येतात, म्हणजे डांबराचं काम मे संपायच्या आत उरकायलाच हवं, कारण ओल्या खडीला डांबर धरत नाही. तरीही प्रत्येक सिंहस्थाला अखेरच्या एक-दोन वर्षांत धावपळ, अल्प मुदतीच्या निविदा, रात्रीची कामं. घाईत मोजमापं सैल होतात, काँक्रीटला नीट पाणी मारलं जात नाही, आणि 'आता विचारायला वेळ नाही' या एका वाक्याखाली काहीही खपतं.

रामकुंडाच्या परिसरात गोदावरीच्या पात्रात कुंभाच्या सोयीसाठी काँक्रीट ओतलं गेलं. त्याखाली जुनी कुंडं गेली आणि नदीचे जिवंत झरे बुजले. गोदाप्रेमी नागरिक वर्षानुवर्षं भांडले, न्यायालयापर्यंत गेले, आणि पुढे काही भागातलं काँक्रीट फोडून काढायचं काम हाती घेतलं गेलं. ओतायला पैसे, फोडायला पैसे. मी लहानपणी आजीचा हात धरून त्या घाटावर जायची. त्या काँक्रीटचा खर्च मला कोटींत मोजता येत नाही. शंभरातले किती लागले, या तुमच्या हिशेबात इथे सगळेच्या सगळे लागले, असंच उत्तर येईल. काम झालं होतं. मजबूत झालं होतं.

"मग आम्ही काय करायचं?" हा पुढचा प्रश्न. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात कागद मागता येतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कायद्याने कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. माझा सल्ला असतो, 'किती खर्च झाला' असं मोघम विचारू नका. माप पुस्तिकेच्या पानांची प्रत मागा आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते विचारा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने करून द्यायचा असतो, आणि लोक मात्र तेवढ्यात नव्या टेंडरची मागणी करत बसतात.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शाळाबाई राहतात. त्यांनी गल्लीच्या रस्त्याची माप पुस्तिका मागवली. नोंद होती लांबी १८० मीटर, रुंदी ३.७५. रविवारी सकाळी आम्ही दोघींनी टेप धरला. वाहनं थांबत होती, पोरं टेपचं टोक धरायला भांडत होती. रुंदी साडेतीन भरली, पाच ठिकाणी मोजली तरी साडेतीनच. म्हणजे ४५ चौरस मीटर रस्ता फक्त कागदावर. बाईंनी लेखी तक्रार दिली आणि फरकाची रक्कम ठेकेदाराच्या ठेवीतून वळती झाली. गल्लीत पेढे वाटले गेले.

बाईंना मात्र मी त्या भिंतीची गोष्ट सांगितली होती, ती त्यांच्या डोक्यात राहिली. त्यांनी दुसरा अर्ज केला: गल्लीच्या कडेचं पावसाळी गटार मागच्या पाच वर्षांत कधी कधी उपसलं, आणि उपसायला किती तरतूद होती? उत्तर एका ओळीत आलं, "सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही." बाईंनी पहिलं अपील केलं आहे. सुनावणी येत्या मंगळवारी आहे, मी सोबत जाणार आहे. गटारातला गाळ परवाच मोजून ठेवला, बावीस सेंटिमीटर.