एफटीपीचे लॉगिन डेटाबेसात: आमच्या फर्मची वाटचाल

फाइलींची ने-आण हाच आमचा धंदा. छापखाने, डिझाइनवाले, स्कॅनिंगवाले यांच्यासाठी आम्ही एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवायची पद्धत) सर्व्हर बसवतो आणि सांभाळतो. आमच्या ग्राहकाचे स्वतःचे शेकडो ग्राहक असतात. प्रत्येकाला वेगळे लॉगिन, वेगळे फोल्डर आणि ठरवून दिलेली जागा लागते. ही माणसे मशीनवरची खाती नव्हेत, डेटाबेसाच्या टेबलातल्या ओळी आहेत, हे आम्ही सुरुवातीलाच पक्के केले आणि पुढची सगळी निवड त्यावरून झाली. मध्यंतरी एकदा सगळ्यांचे लॉगिन बंद पडले आणि ठपका याच निवडीवर आला, त्याचा खुलासा पुढे आहे.

तेव्हा एफटीपी सर्व्हरच्या प्रोग्रॅमांची तीन नावे समोर होती: व्हीएसएफटीपीडी, प्युअर-एफटीपीडी आणि प्रोएफटीपीडी. व्हीएसएफटीपीडी हलका आणि कडक, पण तो स्वतः डेटाबेसाशी बोलत नाही, पॅममार्फत (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) जातो. पॅमचे यूजरडीबी मॉड्यूल घेतले तर प्रत्येक नव्या माणसासाठी बर्कली डीबी या छोट्या डेटाबेसाची फाइल पुन्हा बांधावी लागते. मायएसक्यूएलचे पॅम मॉड्यूल घेतले तर तो आणखी एक सुटा भाग सांभाळायला येतो. शिवाय मशीनवर खाते नसलेले हे सगळे युजर, म्हणजे ‘पाहुणे’, मुळात एकाच यूआयडीखाली (मशीन ज्यावरून फाइलीचा मालक ओळखते तो क्रमांक) येतात आणि माणसागणिक हक्क वेगवेगळ्या फाइलींत लिहावे लागतात. ज्यांचे वीस-पंचवीस युजर आहेत त्यांनी तोच घ्यावा, आम्ही आजही तेच सांगतो.

प्युअर-एफटीपीडीची रचना फार स्वच्छ आहे. पासवर्डाची एक क्वेरी (डेटाबेसाला विचारायचा प्रश्न), यूआयडीची एक, फोल्डरची एक, जागेच्या मर्यादेची, म्हणजे कोट्याची, एक. क्वेरी तुम्हीच लिहायच्या, त्यामुळे ग्राहकाचे टेबल आधीपासून कसेही असले तरी जुळवता येते. नुसते लॉगिन आणि कोटा हवा असेल तर यापुढे पाहायची गरज नाही.

आम्ही प्रोएफटीपीडी घेतला तो एका छापखान्यामुळे. त्यांना फाइल पूर्ण उतरताक्षणी कामांच्या टेबलात नोंद हवी होती. एसक्यूएल-लॉग हा डायरेक्टिव्ह (सेटिंगची ओळ) ‘स्टोर’ या अपलोडच्या कमांडला जोडला, त्यामागे टेबलात ओळ भरणारी, नाव दिलेली इन्सर्ट क्वेरी ठेवली आणि काम झाले. अपलोड तुटले तर ती नोंद होत नाही, तुटलेल्यांसाठी ‘एरर-स्टोर’ वेगळा लिहायचा. प्लेट काढणाऱ्या विभागाला अर्धी पीडीएफ हाती पडू नये, हीच त्यांची खरी अडचण होती. फोल्डरवर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टने हे कधीच नीट होत नाही, कारण फाइल वाढायची थांबली म्हणजे ती पूर्ण आली असे नसते.

टेबल कसे असावे, हे इथे सांगूनच ठेवतो. युजरच्या नावावर युनिक इंडेक्स हवाच. त्या कॉलमचे कोलेशन (अक्षरांची तुलना करायचा नियम) बायनरी ठेवा, नाहीतर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक डेटाबेस मानत नाही आणि टाइप केलेल्या नावावरून फोल्डर ठरत असेल तर एकाच माणसाची दोन फोल्डरे होतात. पासवर्डाचा कॉलम २५५ अक्षरांचा ठेवा. एसएचए-५१२ क्रिप्टचा हॅश (पासवर्डाचे उलटवता न येणारे रूप) पूर्ण मिठासकट, म्हणजे त्यात मिसळलेल्या वाटेल त्या अक्षरांसकट, १०६ अक्षरांचा होतो. कॉलम ६४ चा असेल आणि मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारा मजकूर नाकारणारा) बंद असेल, तर तो गुपचूप कापला जातो आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. प्रोएफटीपीडीत यूआयडीची किमान मर्यादा मुळात ९९९ असते. त्याखालचा आकडा टेबलात भरला की तो मुकाट्याने ६५५३३ धरतो, माणूस आत येतो पण त्याला लिहिता येत नाही, ५५० (परवानगी नाही) मिळते. शेलचा (लॉगिननंतर चालणाऱ्या कमांड-प्रोग्रॅमचा) कॉलम रिकामा असेल तर ‘रिक्वायर-व्हॅलिड-शेल’ ऑफ करा. आणि एफटीपीच्या डेटाबेस खात्याला युजरच्या टेबलावर फक्त सिलेक्टचा हक्क द्या. लिहिण्याचा हक्क नोंदींच्या आणि कोट्याच्या टेबलांपुरताच.

आता त्या पडझडीविषयी. तिचा ठपका आमच्या निवडीवर ठेवला गेला, म्हणून खुलासा सविस्तर करतो.

डेटाबेसाची देखभाल एका बाहेरच्या संस्थेकडे होती. त्यांनी मायएसक्यूएल नव्या मशीनवर ८.० वर नेले आणि खाती यादीवरून नव्याने तयार केली. आम्हाला कळवले नाही. ८.० मध्ये नवे खाते मुळातच ‘कॅशिंग एसएचए-२’ या पासवर्ड तपासायच्या पद्धतीने बनते. आमच्या एफटीपी मशीनवरच्या जुन्या क्लायंट लायब्ररीला (डेटाबेसाशी बोलणाऱ्या कोडला) ही पद्धत ठाऊक नव्हती. सर्व्हर चालू, पोर्ट २१ उघडे, आणि प्रत्येक माणसाला ५३० लॉगिन इन्करेक्ट. ग्राहकाला वाटते आपला पासवर्ड चुकला, तो बदलून मागतो. नवा पासवर्ड द्यायला जावे तर आमची स्क्रिप्टही अडली, कारण तिच्यात डेटाबेसाचे पासवर्ड फंक्शन होते आणि ते ८.०.११ पासून काढून टाकलेले आहे.

अशा वेळी आधी पाहायचे की एकटा अडला की सगळे. सगळे अडले असतील तर पासवर्डाला हात लावू नका. सर्व्हर ‘-एन -डी १०’ लावून समोर, म्हणजे संदेश पडद्यावर दिसतील असा, चालवा, मॉड्यूल डेटाबेसाला नेमके काय म्हणते ते दिसते. त्याच मशीनवरून मायएसक्यूएलचा क्लायंट चालवून कनेक्शन जुळले म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याची लायब्ररी वेगळी आणि नवी असू शकते. आमच्याकडे नेमके तसेच होते. उपाय म्हणून डेटाबेसातले एफटीपीचे खाते जुन्या ‘नेटिव्ह पासवर्ड’ पद्धतीवर आणले आणि लॉगिन सुरू झाले. तो उपाय तात्पुरता होता. ही पद्धत ८.४ मध्ये मुळातच बंद असते आणि ९.० मध्ये काढलेली आहे. लायब्ररी नवी करणे हेच खरे काम, तेही आम्ही पुरे केले.

पासवर्डांचे जुने हॅश टप्प्याटप्प्याने बदलले. प्रोएफटीपीडीच्या एसक्यूएल-ऑथ-टाइप्स या सेटिंगमध्ये आधी ‘क्रिप्ट’ (मशीनच्या क्रिप्ट लायब्ररीचा हॅश), मग ‘बॅकएंड’ (डेटाबेसाच्या पासवर्ड फंक्शनचा जुना हॅश) लिहिले की दोन्ही प्रकार क्रमाने तपासले जातात. नवा पासवर्ड क्रिप्टमध्ये, जुना तसाच. शेवटचा जुना हॅश गेल्यावर ‘बॅकएंड’ खोडला.

याच काळात एका प्रतिस्पर्ध्याने आमच्या ग्राहकांना फोन केले. डेटाबेसवाले लॉगिन बेभरवशाचे, आम्ही प्रत्येकाला मशीनवरच खाते देतो, असे त्यांना सांगितले. काही जण गेले. दोष डेटाबेसात लॉगिन ठेवण्यात नव्हता, न सांगता केलेल्या बदलात होता, हे तेव्हा कोणी ऐकून घेतले नाही. छापखाना मात्र हलला नाही. त्यांच्या मालकांनी लॉग मागवला, ओळ न् ओळ वाचली आणि पुढच्या वर्षाचे काम आमच्याकडेच ठेवले. ही गोष्ट आम्ही विसरणार नाही.

पुढे त्यांच्याकडे संध्याकाळची गर्दी वाढली आणि पुन्हा ५३० दिसू लागले, पण या वेळी काहींनाच. मायएसक्यूएल मुळात १५१ कनेक्शने देते आणि प्रत्येक एफटीपी सेशन एक अडवून बसते, मग तासभर एकच फाइल चढत असली तरी. प्रोएफटीपीडीच्या सेटिंगमधल्या डेटाबेस कनेक्शन-माहितीच्या ओळीत शेवटी सेकंदांची मर्यादा टाकली की रिकामे कनेक्शन सुटते आणि गरज पडली की पुन्हा जुळते. मर्यादा १५१ वरून वाढवण्याआधी हे करा.

आज नवीन काम सुरू करणाऱ्याने एसएफटीपीगोही पाहावा. एसएफटीपी, एफटीपीएस आणि वेबडॅव्ह या फाइली पाठवायच्या तिन्ही पद्धती एकाच प्रोग्रॅममध्ये मिळतात. पण तो टेबले स्वतःची बनवतो. ग्राहकाचे जुने टेबल वापरायचे असेल तर बाहेरून तपासणीचा हुक (लॉगिनच्या वेळी सर्व्हर बोलावतो तो छोटा प्रोग्रॅम) लिहावा लागतो.

गेलेल्यांपैकी काही ग्राहक परत आले, मशीनवरची खाती घेऊन. मशीनच्या खात्यांचे हॅश ठेवणाऱ्या शॅडो फाइलमधला ‘डॉलर-सहा-डॉलर’ने सुरू होणारा हॅश जसाच्या तसा टेबलाच्या कॉलमात टाकला की ‘क्रिप्ट’ तो वाचतो, एकाही माणसाला पासवर्ड बदलावा लागत नाही. ‘डॉलर-वाय-डॉलर’ दिसला तर तो येसक्रिप्ट हा वेगळा हॅश आहे. तुमच्या मशीनची क्रिप्ट लायब्ररी तो ओळखते का, हे एका खात्यावर तपासा आणि मगच बाकीचे आणा. यूआयडी मात्र जुनेच टेबलात भरा, नाहीतर आणलेल्या फाइली दुसऱ्याच्या मालकीच्या दिसतात.